कनातीच्या मागची बाई

आमच्या भागात मोठा तमाशा दारात येत नसे; आपणच त्याच्या मुक्कामी जायचं असे. पुणे-सातारा-नगरकडच्या गावांची रीत वेगळी. तिथले पंच नारायणगावला जायचे, एस. टी. स्टँडजवळच्या राहुट्यांमध्ये बसून सुपारी ठरवायचे आणि जत्रेच्या दिवशी ट्रक गावात यायचा. वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या माणसाला मोठा फड बघायचा तर माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, लेखी हक्काचं ठिकाण एकच, लोह्याजवळचं माळेगाव. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार भरतो, वाघ्या-मुरळ्या येतात आणि रात्री कनाती उभ्या राहतात.

आबा बैल घ्यायला जायचे, निदान घरातून निघताना तरी असंच सांगायचे. गाडी जुंपून नांदेडवरून पुढे, वाटेत मुक्काम, सोबत भाकरी आणि ठेचा. बैल कधी मिळायचा, कधी नाही. तमाशाची गोष्ट मात्र दर साली घरी यायची आणि उन्हाळ्यात अंगणातल्या बाजेवर ती आम्हा नातवंडांच्या वाट्याला यायची. घरातल्या बायकांपैकी कोणी कधी तमाशा पाहिला नव्हता. त्या काळी पाहायला मिळतही नसे. नर्सीला नामदेवाच्या जत्रेला आजी जायची, कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायची; पण कनातीच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे तिला कोणी वेगळं सांगावं लागलं नव्हतं. म्हणून आमच्या घरात तमाशाच्या दोन गोष्टी होत्या. एक आबांनी डोळ्यांनी पाहिलेली. दुसरी आजीनं कानांनी ऐकून स्वतःच्या मनाशी लावलेली. आज लिहायला बसल्यावर दुसरीच मला अधिक खरी वाटते.

आबांचे वडील निजामाच्या अमलातले. तेव्हा आमचा मुलूख परभणी जिल्ह्यात, आणि परभणी हैदराबाद संस्थानात. त्यांची एक आठवण आबा नेहमी सांगत. दौलतजादा करायचा तर खिशात हाली सिक्का. ब्रिटिश मुलखातून आलेल्या फडाच्या नाचीला तो उजेडाकडे धरून बघावा लागे, कारण हाली रुपया इंग्रजी रुपयाहून हलका. पणजोबांनी एकदा हाली नाणं टाकलं तेव्हा सोंगाड्यानं तेवढ्यावरून बतावणी रंगवली आणि सगळा तंबू त्यांच्याकडे बघून हसला. मुंबई सरकारनं स्वातंत्र्यानंतर लगेच तमाशावर बंदी घातली होती, पुढे वगाची संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली, हे मी मोठेपणी वाचलं. आबांच्या बोलण्यात सरकार असं कधी आलं नाही. त्यांच्या बोलण्यात बाई यायची.

ती बाई म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आबा तिला नुसतं ‘नारायणगावकरीण’ म्हणत. साल विचारलं की म्हणत, “सिद्धेश्वरच्या धरणावर माती पडायली होती, तवा.” म्हणजे महाराष्ट्र झाल्यानंतरची पहिली काही वर्षं. विठाबाई तेव्हा तिशीच्या आतबाहेर असणार. तिचा जन्म जुलै 1935 चा, पंढरपूरचा. तिचे आजोबा नारायण खुडे यांनी फड काढला, वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावानं महाराष्ट्रभर नेला. पोर कनातीतच वाढली. 1957 साली राष्ट्रपतिपदक मिळालं तेव्हा ती बावीस वर्षांची होती. 1962 मध्ये चीनशी युद्ध पेटलं तेव्हा नेफाच्या सीमेवर जाऊन तिनं जवानांसमोर तमाशा केला. ही बातमी आमच्या गावापर्यंत कशी आली कोण जाणे, पण आबांना ती पाठ होती. बर्फात लावणी कशी म्हणली असेल, घुंगरू कसे वाजले असतील, यावर ते आणि त्यांचे मित्र तासभर बोलू शकत.

फड कसा चालायचा हे आबांनी आम्हाला अंगणात हातवारे करून शिकवलं. आधी ढोलकी आणि हलगीची सलामी. मग गण. मग गौळण, तिच्यात पेंद्या आणि मावशी. मावशीचं काम करणारा पुरुष पदर डोक्यावर घेऊन आला की आबा स्वतः उपरणं डोक्यावर घ्यायचे. मग बतावणी, रंगबाजी आणि मध्यरात्रीनंतर वग, जो कोंबडा आरवेपर्यंत चाले. मागे झीलकरी, तुणतुण्यावर सुरत्या. सांगण्यासारखी गोष्ट अशी, की आबांना लावणीपेक्षा वग प्रिय होता. शहरातल्या माणसाला तमाशा म्हणजे नाच वाटतो. आमच्या म्हाताऱ्यांना तमाशा म्हणजे रात्रभर चालणारं नाटक होतं आणि विठाबाई ही त्यांच्या लेखी आधी नट होती. “नाचणाऱ्या बाया पुष्कळ पाह्यल्या,” ते म्हणत, “पण ही उभी राह्यली की पुढच्या माणसाला वाटायचं, ही आपल्यालाच जाब विचारायली.”

आता ती गोष्ट, जी महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक म्हाताऱ्यानं सांगितली आहे. विठाबाईला नववा महिना लागलेला. तंबू भरलेला, तिकिटं विकलेली. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. ती कनातीच्या मागे गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचून तोडली, लुगडं आवळलं आणि पुन्हा रंगमंचावर आली. लोकांच्या लक्षात आलं, पोट उतरलेलं दिसलं, तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. आबा हे सांगताना उठून उभे राहत. त्यांच्या आवाजात असा अभिमान असे, की जणू घरातल्याच बाईनं किल्ला जिंकला आहे.

एकदा आजी चुलीपाशी बसून हे ऐकत होती. तिनं ही गोष्ट आधी कितीदा तरी ऐकलेली. त्या दिवशी तिनं मध्येच विचारलं, “मंग तिला खायाला काय दिलं?”

आबांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, “लोकायनं पैशे फेकले. खच पडला.”

“पैशे चघळावं का तिनं?” आजी म्हणाली. “डिंक, अळीव, कायी? शेकशेगडी? कोणी पाणी तापवलं का नाही?”

आबा गप्प बसले. आजीनं पुढे जे सांगितलं ते आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. माझे मधले काका ज्वारीच्या सुगीत जन्मले. त्या दिवशी दुपारपर्यंत ती खळ्यावर होती, संध्याकाळी बाळंत झाली आणि पाचवी पुजून झाल्यावर लगेच पुन्हा कणसं मोडायला गेली, कारण मजूर मिळत नव्हते आणि आभाळ आलं होतं. सव्वा महिन्याची बाळंतीण ही गोष्ट तिच्या धाकट्या जावेला मिळाली, तिला नाही. त्याचा तिला राग नव्हता. पण त्याला कोणी पराक्रम म्हटलेलंही तिला चाललं नसतं. ज्या कामावर दहा माणसांचं पोट आहे ते सोडून बाईला पडून राहता येत नाही, एवढीच तिच्या लेखी ती गोष्ट होती. विठाबाईला तिनं कधी पाहिलं नाही, पण त्या रात्री कनातीच्या मागे काय झालं असेल ते आमच्या घरात तिलाच कळलं होतं.

तेव्हापासून ही गोष्ट पराक्रम म्हणून सांगणं मला जमत नाही. ती मजुरीची गोष्ट आहे. फडाचा हिशेब एकदा नीट पाहिला की हे दिसतं. हंगाम साधारण दसऱ्यापासून वैशाखापर्यंत. पावसाळ्यात फड बंद, पण माणसं बांधून ठेवायची तर त्यांना उचल द्यावी लागते. ढोलकीवाला, सोंगाड्या, नाच्या, झीलकरी, आचारी, तंबू ठोकणारे, गाडीचा चालक, सगळ्यांना. ही उचल फडमालक व्याजानं काढतो. म्हणजे हंगामाची पहिली ढोलकी वाजते तीच कर्जावर. एक खेळ बुडाला तर फक्त त्या रात्रीचं उत्पन्न जात नाही. पुढच्या गावची सुपारी, गाडीचं भाडं, सावकाराचा हप्ता सगळं हलतं. लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते तर ते कुठून देणार होते? नाळ तोडणाऱ्या बाईच्या डोक्यात कलेची निष्ठा होती का, असेलही. पण हा हिशेब नक्की होता. फडाची मालकीण तीच होती.

पुढे मी औरंगाबादला शिकायला गेलो. वसतिगृहात नाट्यशास्त्र शिकणारा एक मित्र होता, त्याच्याकडे एक टेप होती. जर्मन गाणी, एका बाईच्या आवाजात. आवाज गोड नव्हता. खरखरीत, जाडसर, प्रत्येक शब्द दाताखाली धरून सोडल्यासारखा. बाईचं नाव लोटे लेन्या. मला जर्मनचा एक शब्द येत नव्हता, पण ती टेप मी त्याच्याकडून मागून घेतली आणि सुट्टीत घरी नेली.

लेन्याचा जन्म 1898 चा, व्हिएन्नाचा. बाप घोडागाडी हाकणारा, आई धुणं धुणारी. नाव झालं ते बर्लिनमध्ये. संगीतकार कुर्ट वाइलशी 1926 मध्ये लग्न झालं आणि 31 ऑगस्ट 1928 रोजी नाटककार ब्रेख्त आणि वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चा पहिला प्रयोग बर्लिनला झाला, त्यात ती जेनी ही वेश्या झाली. पहिल्या प्रयोगाच्या छापील पत्रिकेत तिचं नाव चुकून गळलं होतं. वाइल इतका चिडला, की नाटक सुरू होऊ देईना; तिनंच त्याला समजावलं. दुसऱ्या दिवसापासून सगळं बर्लिन तिला ओळखत होतं. 1931 मध्ये त्यावर पाब्स्टनं चित्रपट केला. मग 1933 आलं. वाइल ज्यू होता. हिटलर सत्तेवर आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. पॅरिस, मग 1935 मध्ये न्यूयॉर्क. तिथे बरीच वर्षं तिला कोणी फारसं विचारलं नाही. 1950 मध्ये वाइल गेला. तेव्हा कुठे ती पुन्हा उभी राहिली, नवऱ्याची गाणी जगाला ऐकवायची म्हणून. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या एका लहान थिएटरात तिनं इंग्रजीतून पुन्हा तीच जेनी केली आणि तिला टोनी पारितोषिक मिळालं. 1966 मध्ये ब्रॉडवेवर ‘कॅबरे’ आलं, बर्लिनच्या त्याच उतरत्या दिवसांवरचं संगीत नाटक. त्यात घरमालकीणबाई झाली ती, जिनं ते बर्लिन प्रत्यक्ष पाहिलं होतं. 1981 मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये वारली. साठच्या दशकात जेम्स बाँडच्या एका चित्रपटात बुटात विषारी पातं लपवणारी रशियन बाई तिनं केली, म्हणून चित्रपटवेडे तिला तेवढ्यावर ओळखतात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आबांना मी टेप लावून दिली. ते डोळे मिटून ऐकत होते. पहिलं गाणं संपल्यावर विचारलं, “बोलायली का गायली ही बाई?”

हाच प्रश्न युरोपातल्या जाणकारांनीही केला होता, हे मला नंतर कळलं. सूर सोडून बोलण्यावर यायचं, बोलता बोलता पुन्हा सूर पकडायचा, ही त्या गायकीची रीतच. आबांना तिची ओळख पटायला वेळ लागला नाही, कारण वगात संवाद कुठे संपतो आणि गाणं कुठे सुरू होतं ते त्यांनाही कधी सांगता येत नसे. दुसरं गाणं भांडी धुणाऱ्या एका मोलकरणीचं होतं. खाणावळीत ती प्याले घासते आणि मनात एक जहाज बंदराला लागताना पाहते, तोफांचं जहाज, जे येऊन सगळ्या गावाचा हिशेब करणार आहे आणि कोणाला मारायचं ते तिला विचारणार आहे. मित्राकडून समजून घेतलेला हा अर्थ मी आबांना सांगितला. आबा म्हणाले, “मंग ही आपल्याकडचीच हाय.” आजीनं मात्र विचारलं, “ते जहाज आलं का शेवटी?”

लेन्याचं ते ‘थ्री पेनी ऑपेरा’ मराठीत आलं 1978 मध्ये. पु. ल. देशपांडे यांनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीनं तो रंगमंचावर आणला, दिग्दर्शक जब्बार पटेल. ब्रेख्तनंही ते नाटक मुळात उसनं घेतलेलं. 1728 मध्ये लंडनला झालेल्या जॉन गे याच्या ‘बेगर्स ऑपेरा’तून. लंडनचे भिकारी आणि चोर बर्लिनला गेले, बर्लिनचे मुंबईला आले, आणि इथे आल्यावर त्यांना कपडे मिळाले तमाशाचे. माधुरी पुरंदरे त्यात जेनीच्या जागची झेलम झाल्या होत्या. ते नाटक मला आवडतं. त्यातला गाण्यांचा खेळ, नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्य ठेका एकाच ताटात वाढण्याची पुलंची हिंमत, सगळं आवडतं. पुढे 1980 मध्ये याच संस्थेचं ‘घाशीराम कोतवाल’ जर्मनीसह युरोपच्या दौऱ्यावर गेलं आणि आपल्या लोककलांचा बाज तिथल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला.

पण एक गोष्ट मनात रुतून बसते. तमाशाचा बाज बर्लिनला पोचला, तेव्हा तमाशातली बाई कुठे होती? ती आळेफाटा ते लोणंद, लोणंद ते माळेगाव अशा रस्त्यांवर ट्रकच्या हौद्यात, तंबूच्या गुंडाळ्यांवर बसून चालली होती. तिच्या फडात ‘मुंबईची केळेवाली’ होता, ‘रक्तात न्हाली कुऱ्हाड’ होता. जाब विचारणारं नाटक तिच्याकडेही होतंच. शहरी रंगभूमीनं तमाशाकडून घेतलं याबद्दल माझी तक्रार नाही. कला अशीच फिरते, नाहीतर नर्सीच्या नामदेवाची पदं पंजाबात जाऊन शिखांच्या ग्रंथसाहिबात कशी बसली असती. तक्रार आहे ती घेतल्यानंतर विसरण्याची. लेन्याचा उमेदीतला आवाज ध्वनिमुद्रिकांवर आहे, म्हातारपणचा आवाज त्याहून अधिक ध्वनिमुद्रिकांवर आहे, वाइलचं संगीत जपायला तिनं स्वतः 1962 मध्ये प्रतिष्ठान काढलं. दोन आवाज शेजारी ठेवून तरुण लेन्या आणि म्हातारी लेन्या यांत काय बदललं ते आज कोणीही ऐकू शकतं. विठाबाईचा भर उमेदीतला, रात्रभर चाललेला एक आख्खा वग मला ऐकायचा आहे, आणि त्यासाठी मला आबांच्या हातवाऱ्यांकडेच जावं लागतं.

1990 मध्ये तिला पुन्हा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. 15 जानेवारी 2002 रोजी ती गेली. शेवटची वर्षं हलाखीत गेली, दवाखान्याचा खर्च लोकांनी दिलेल्या मदतीतून भागला. ती गेल्यानंतर राज्य सरकारनं 2006 मध्ये तिच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तोही तमाशातल्याच माणसांसाठी. पहिला मान कांताबाई सातारकरांना मिळाला, गुजरातेत दगडाच्या खाणीवर जन्मलेल्या आणि पुरुषांच्या भूमिकाही ताकदीनं करणाऱ्या. विठाबाईची लेक मंगला बनसोडे आईमागे फड चालवत राहिली. ही नावं मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या गोष्टींत फडाचं नाव राहतं, वगाचं राहतं, सोंगाड्याचा विनोद राहतो, आणि बाईचं नाव गळून जातं. ‘नाची’ म्हटलं की झालं. बर्लिनच्या पत्रिकेतून गळलेलं नाव पुढे छापलं गेलं. आमच्या पत्रिका कधी छापल्याच गेल्या नाहीत.

म्हणून अलीकडे मी हे काम अंगावर घेतलं आहे. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या बाजूला फडाबरोबर हिंडलेले ढोलकीवाले, हलगीवाले अजून आहेत. त्यांतले बहुतेक ज्या वस्त्यांत राहतात तिथे गावातले लोक लग्नाची हलगी ठरवायलाच जातात, एरवी नाही. मी फोन समोर ठेवतो आणि विचारतो: फड कोणता, वग कोणता, उचल किती होती, बाईचं नाव काय. पहिल्या तिन्हींची उत्तरं भराभर येतात. उचलीचे आकडे तर त्यांना चाळीस वर्षांनंतरही तोंडपाठ आहेत, कुठल्या मालकानं किती कापले तेही. चौथ्या प्रश्नाला ते थांबतात, एकमेकांकडे बघतात. पण ढोलकी मांडीवर घ्यायला सांगितली आणि त्या बाईच्या लावणीचा ठेका वाजवा म्हटलं, की हात चालू होतो आणि थोड्या वेळानं नावही येतं. आधी पायाची चाल, मग आवाज, मग नाव. आई कोण, गाव कोणतं, पुढे काय झालं.

गेल्या महिन्यात औंढ्याजवळ असेच दोघे भेटले. दोघांनीही ऐंशी ओलांडलेली, दोघांनीही माळेगावात नारायणगावकरणीला पाहिलेलं, तेही एकाच रात्री, असं दोघांचंही म्हणणं. एकाच्या मते त्या रात्री केळेवाली झाला. दुसरा म्हणाला, छट्, कुऱ्हाड होता, मी तिला शेवटी कुऱ्हाड उचलताना बघितलं. पहिल्यानं विचारलं, कोणत्या हातात. दुसऱ्यानं आपला डावा हात वर केला. मग दोघं उठले, आणि ती कुठे उभी होती, ढोलकीवाला कुठे होता, सोंगाड्या कुठून आला, हे अंगणात रेघा मारून ठरवायला लागले. सून चहा घेऊन बाहेर आली, तिलाही त्यांनी बाजूला उभं केलं. म्हणाले, तू मावशी. फोन तेव्हा चालूच होता. दोन तासांचं ध्वनिमुद्रण आहे आणि त्यात अजून निकाल लागलेला नाही.